थँक्सगिव्हिंगला पंपकिन पायच कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांसाठी थँक्सगिव्हिंगच्या जेवणाचा बेत छापून आला. बेत चांगला होता. कुस्करलेल्या बटाट्याला वरून लसणाची फोडणी द्यायची सूचना तर मला फारच पटली. पण गोडाच्या रकान्यात पुन्हा तोच पंपकिन पाय (पिठाच्या पारीत भोपळ्याचं गोड सारण भरून भाजलेला), आणि त्यासाठी ‘बाजारातला मोठा केशरी भोपळा आणावा’ असा सल्ला! राहवलं नाही म्हणून लिहिते. मी मूळची भंडारा जिल्ह्यातली. लग्न झाल्यावर इंडियानात आले, मुलं इथेच वाढली, आणि नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी, म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, आमच्याकडे मराठी-अमेरिकन अशी मिश्र पंगत बसते.

आधी भोपळ्याचं. तो मोठा केशरी भोपळा हॅलोवीनला कोरून दारात ठेवायचा. आतून पाणचट आणि धागेदार, गोडी नावालाच. इथे डब्यात जो भोपळा मिळतो तो बहुतांशी इलिनॉय राज्यातल्या मॉर्टन गावाच्या आसपास पिकतो. त्या वाणाचं नाव डिकिन्सन, साल फिकट बदामी. आपला लाल भोपळा आणि हा सख्खे भाऊच म्हणायचे. डिकिन्सन अख्खा सहसा दुकानात दिसत नाही, पण लांब मानेचा बटरनट सगळीकडे मिळतो आणि तोही त्याच घरातला. एवढा चांगला भोपळा हाताशी असताना आपण त्याचं पायच का करावं? आमच्या पंगतीत पायचा त्रिकोण ताटलीत घेतात सगळे, वरचं क्रीम खातात आणि बाकीचा ठेवून देतात. आपल्या माणसांना तो मऊ, थंडगार, दालचिनीचा गोळा आवडत नाही आणि तसं म्हणायची चोरी.

परंपरा मोडेल अशी भीती कोणाला असेल तर सांगते, 1621 साली प्लिमथला इंग्लंडहून आलेल्या वसाहतकऱ्यांचं जे जेवण झालं, ज्याला पहिलं थँक्सगिव्हिंग म्हणतात, त्यात पाय नव्हताच. त्या लोकांकडे तेव्हा ना गव्हाचं पीठ होतं ना लोणी. पाय टेबलावर आला तो पुढे.

मी बटरनटची बोंडं करते. विदर्भात कोहळ्याची (म्हणजे लाल भोपळ्याची) बोंडं म्हणतात ती. पुण्याकडच्या बायका घारगे थापतात, ते केले तरी चालतील. भोपळा किसून थोड्या तुपावर वाफवायचा, गरम असतानाच गूळ घालून विरघळवायचा, निवल्यावर मावेल तेवढी कणीक, मूठभर रवा, वेलची आणि चिमूटभर मीठ. तळताना आच मंदच ठेवा. गुळामुळे बाहेरून भराभर काळं होतं आणि आत पीठ कच्चं राहतं. अमेरिकेतल्या घरात तळणीची खरी अडचण म्हणजे छतावरचा धुराचा भोंगा. म्हणून आमच्याकडे बुधवारी दुपारी मागच्या डेकवर विजेची शेगडी मांडली जाते आणि मी अंगात कोट, त्यावर एप्रन अशा अवतारात तळत बसते. गुरुवारी ओव्हनमध्ये टर्की चार-चार तास ठाण मांडून असते, त्यामुळे गोड आदल्या दिवशी होऊन जातं हेही बरंच. बोंडं दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागतात. अमेरिकन पाहुणे ती कॉफीत बुडवून खातात. खाऊ देत.

पण मला मुख्यतः सांगायचं आहे ते पर्सिमनबद्दल. इथल्या रानात पर्सिमनची झाडं आपोआप उगवतात. फळ लिंबाएवढं किंवा त्याहून लहान, केशरी, वर जांभळट झाक. माझ्या शेजारच्या आजींनी ते पहिल्यांदा हातावर ठेवलं तेव्हा आतली चपटी, तपकिरी बी बघून मी म्हटलं, अहो, हे तर आमचं टेंभरू! आणि खरंच, ज्या झाडाच्या पानांच्या विड्या वळतात त्या टेंभुर्णीचं आणि पर्सिमनचं कूळ एकच. आमच्याकडे वैशाखात तेंदूपानं तोडायला गेलेल्या बाया ओच्यातून टेंभरं घेऊन यायच्या. इथे तेच सुख ऑक्टोबरात मिळतं.

नियम दोन्हीकडे सारखा: अर्धकच्चं खाल्लं की जीभ दाठरते आणि पाणी प्यायलं तरी तुरटपणा जात नाही. त्यामुळे पर्सिमन झाडावरून तोडत नाहीत. आपसूक खाली पडलेलं, सुरकुतलेलं, बोटाने दाबलं की फुटेल असं वेचतात. शेजारच्या आजी शंकूच्या आकाराच्या पत्र्याच्या चाळणीत ती फळं टाकून लाकडी मुसळीने गोल गोल घोटतात. भोकांतून जर्दाळूच्या रंगाचा गर उतरतो, बिया आणि साल आत राहतात. एखादं कच्चं फळ चुकून गेलं तर सगळा गर बाद, म्हणून निवडायला त्या स्वतः बसतात, दुसऱ्यावर सोपवत नाहीत.

या गराचं पुडिंग ही दक्षिण इंडियानाची खासियत. आमच्या गावाच्या दक्षिणेला मिचेल नावाचं छोटं गाव आहे, तिथे 1947 पासून दर सप्टेंबरात पर्सिमनची जत्रा भरते आणि पुडिंगची स्पर्धा असते. कृती सोपी. दोन कप गर, दीड कप साखर, दोन अंडी, दीड कप ताक, तेवढाच मैदा, एक चमचा सोडा, दालचिनी आणि वितळलेलं लोणी. 325 अंश फॅरेनहाइटवर तासभर. भट्टीत फुगतं आणि बाहेर काढल्यावर मधोमध खाली बसतं. बिघडलं असं समजू नका, ते तसंच असतं. रंग गुळाच्या काकवीसारखा गडद, कडा चिवट, मधला भाग ओलसर. आमच्या पंगतीत पहिल्यांदा रिकामं होणारं भांडं हेच.

सुनेच्या किंवा लेकीच्या घरी सहा महिन्यांसाठी येणाऱ्या आज्या-आजोबांना ते खाऊ घालायचं तर अंड्यांचा प्रश्न येतो. अंडी न घालता मी करून पाहिलं आहे. चिक्कीच्या वाटेला जातं. त्यांच्यासाठी बोंडंच ठेवा. रताळ्यावर मार्शमेलो पसरून भाजायचा जो प्रकार इथे करतात, तो मात्र कृपा करून कोणालाच वाढू नका. आणि श्रीखंडात पंपकिन स्पाइस (पायमध्ये घालतात तो दालचिनीचा मसाला) घालायचं खूळ हल्ली काही मराठी घरांत निघालं आहे, त्याबद्दल मी काही बोलत नाही.

भारतातल्या वाचकांनी चव बघायची म्हटली तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात हिमाचलमधून ‘जपानी फळ’ या नावाने पर्सिमन येतं. ते या रानटी पर्सिमनचं मोठं, गुबगुबीत भावंड. टोकाकडे निमुळतं असेल तर पिकून पार लिबलिबीत होईपर्यंत थांबा, चपटं असेल तर कडक असतानाही चालतं.

पुढच्या वर्षी बेत छापाल तेव्हा गोडाच्या रकान्यात एवढा बदल करावा ही विनंती. पाय ज्यांना हवाच असेल त्यांना कॉस्टकोच्या मोठ्या दुकानात तयार मिळतो, आणि तो घरच्यापेक्षा बरा असतो.

आपली,
एक वाचक,
ब्लूमिंग्टन, इंडियाना