पहिली गोळी सॉफ्ट, मागच्या सॉलिड

बुलावायो, झिंबाब्वे

तीर्थरूप काकांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. माझ्या कामाबद्दल घरातून इतक्या नेमकेपणानं आजवर कुणी विचारलं नव्हतं, म्हणून सवडीनं आणि सविस्तर लिहितो आहे. तुमचा मुद्दा असा, की फौजेत उमलणारी गोळी निषिद्ध, तुम्ही सगळी नोकरी पूर्ण कवचाच्या गोळीवर काढलीत. मग आमच्या वर्कशॉपमध्ये शिकारीसाठी सॉफ्ट, म्हणजे उमलणाऱ्या, गोळ्यांची काडतुसं का भरतात? आणि जनावर एवढं मोठं असेल तर बंदूक मोठी घेतली की झालं, गोळीची इतकी चिकित्सा कशाला?

पहिल्या प्रश्नाचं मूळ आपल्याच देशात आहे. १८९० च्या दशकात कोलकात्याजवळच्या डमडमच्या शस्त्रागारात उघड्या टोकाची गोळी तयार झाली आणि ती इतकी भयंकर ठरली, की १८९९ साली हेगच्या परिषदेत माणसाच्या शरीरात उमलणाऱ्या गोळ्या युद्धात वापरायच्या नाहीत असं ठरलं. ते योग्यच होतं. जखमी सैनिक लढाईतून बाद झाला की काम झालं. त्याला उचलून नेणारे असतात, डॉक्टर असतो. जखमी रानरेड्याला यातलं काहीच नसतं. पूर्ण कवचाची गोळी फुप्फुसातून बारीक भोक पाडून निघून गेली, तर तो झुडपात शिरून बराच वेळ तडफडत राहतो आणि कुणाला तरी त्याच्या मागावर जावं लागतं. ज्या दयेपोटी फौजेनं उमलणारी गोळी टाकली, त्याच दयेपोटी आम्ही ती घेतो. ही शिकार व्हावी की नाही यावर तुमचं मत काय आहे ते मला ठाऊक आहे आणि त्याचा मी आदर करतो. पण परवाना मिळालेलं जनावर पडायचंच असेल, तर ते जागच्या जागी पडावं, यासाठी जे काही करता येईल ते मी मनापासून करतो.

मागावर पुढे चालतात ते ट्रॅकर. त्यांची नजर जमिनीवर, रक्ताच्या थेंबांवर, मोडलेल्या गवतावर असते आणि बहुतेकांच्या हातात काठीपलीकडे काही नसतं. झांबेझी नदीच्या खोऱ्यात जेस म्हणतात ती दाट झाडी आहे, तिथे चार-पाच पावलांपलीकडचं दिसत नाही. जखमी रेडा अनेकदा पळत राहत नाही, आडोसा धरून आपल्याच मागाकडे तोंड करून थांबतो. मी काडतूस भरतो तेव्हा शिकारीला आलेला पाहुणा माझ्या डोळ्यांसमोर नसतो, हे ट्रॅकर असतात.

आता सॉफ्ट गोळीचं. टोकाशी उघडं शिसं, बाकी अंगाला तांब्याचं कवच. ओल्या मांसात शिरताच समोरच्या दाबानं टोक मागे वळतं आणि गोळी छत्रीसारखी उघडते, व्यास दीडपट ते दुप्पट होतो. जखम रुंद होते, रक्तस्राव झपाट्यानं होतो. पण जितकी जास्त उघडेल तितकी ती कमी खोल जाते. गोळीची सगळी निवड या ओढाताणीतच आहे. जुन्या सॉफ्ट गोळ्यांचा दोष हाच, की जड हाडावर त्या लवकर फुटायच्या, शिसं एकीकडे आणि कवच दुसरीकडे जायचं. १९४६ साली कॅनडात ब्रिटिश कोलंबियाच्या रानात जॉन नॉस्लर नावाच्या अमेरिकन शिकाऱ्याच्या गोळ्या मूस या थोराड हरणाच्या चिखलानं माखलेल्या फऱ्यावर वरच्या वरच फुटल्या. त्यानं घरी जाऊन अशी गोळी बनवली, जिच्या कवचात मधोमध आडवी भिंत आहे. पुढचं शिसं उमलतं, भिंतीमागचं जसंच्या तसं राहून आत ढकलत नेतं. १९४८ पासून ती विकली जाऊ लागली आणि आजही विकली जाते. पुढे शिसं कवचाला वितळवून चिकटवण्याची पद्धत आली. ऑस्ट्रेलियाच्या वुडली आणि अमेरिकेच्या स्विफ्ट कंपनीच्या गोळ्या अशा आहेत. १९८० च्या दशकाच्या शेवटी बार्न्स कंपनीनं शिसंच काढून टाकलं. अख्खी तांब्याची गोळी, टोकात पोकळी, आत गेली की चार पाकळ्या उघडतात.

शिकार झाल्यावर सोलताना सापडलेल्या गोळ्या माझ्याकडे येतात. धुऊन तराजूवर ठेवतो. ३०० ग्रेनची (गोळीच्या वजनाचं माप, ७,००० ग्रेन म्हणजे एक पौंड) गोळी २७० किंवा त्याहून जास्त भरली आणि ती पलीकडच्या कातडीखाली सापडली, तर रेड्यासाठी याहून चांगलं काही मागायचं नाही. तांब्याच्या गोळीचं वजन जवळजवळ पूर्ण राहतं, आणि आतडी रानात टाकली तरी गिधाडांच्या पोटात शिसं जात नाही, हा तिचा मोठा गुण. तरीही कळपातल्या रेड्यावरच्या पहिल्या गोळीसाठी मी चिकटवलेल्या शिशाचीच सुचवतो. कारण तांब्याची कधी कधी आरपार जाते.

आरपार जाणं वाईट का, हे रेडा समोर ठेवल्याशिवाय कळत नाही. पूर्ण वाढलेला नर ६०० ते ८०० किलोचा. कातडी जाड, बरगड्या रुंद. हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्या आपल्याला वाटतात त्यापेक्षा खाली आणि पुढे, जवळपास पुढच्या पायाच्या रेषेत. तो एकटा क्वचित उभा असतो. मागे कळप असतो आणि एकातून निघालेली गोळी दुसऱ्याला जखमी करते, ज्याचा माग काढायचं कुणाला सुचतही नाही. म्हणून आडव्या उभ्या रेड्यावर पहिली गोळी सॉफ्ट. ती बसली की कळप उधळतो आणि आता जनावर तुमच्याकडे पाठ करून पळत असतं. त्याला पुन्हा मारायचं तर गोळी मागच्या पुठ्ठ्यातून शिरून, ओल्या चाऱ्यानं गच्च भरलेलं पोट ओलांडून छातीपर्यंत पोचली पाहिजे. तो चारा सॉफ्ट गोळी गिळून टाकतो. इथे सॉलिड, म्हणजे न उमलणारी गोळीच हवी. दुनळी असेल तर एका नळीत सॉफ्ट, दुसरीत सॉलिड. बोल्टची (हातानं खटका मागेपुढे करून काडतूस चढवायची) रायफल असेल तर चेंबरमध्ये सॉफ्ट आणि खाली मॅगझिनमध्ये सगळ्या सॉलिड.

सॉलिड म्हणजे तुमच्या फौजी गोळीची थोरली बहीण, पण बांधा फार मजबूत. पूर्वी आत शिसं आणि वर पोलादाचं जाड कवच असे, आता बहुतेक अखंड पितळ किंवा तांबं. हत्तीवर हिच्याशिवाय दुसरी चालतच नाही. हत्तीच्या कपाळाचं हाड आतून पोकळ्यांनी भरलेलं असतं, मेंदू त्याच्या खूप मागे आणि खाली दडलेला. डोकं थोडं वर-खाली झालं की मेंदूची जागा बदलते. फूटभर हाडातून गोळी सरळच गेली पाहिजे, किंचितही वळता कामा नये. इथेच टोकाच्या आकाराचा प्रश्न येतो. हवेत गोळीला फिरकी सरळ ठेवते. मांस हवेपेक्षा शेकडो पट घन, तिथे ती फिरकी पुरत नाही. गोल टोकाची गोळी आत जाऊन कलते, कधी आडवी होते. चपट्या टोकाची गोळी समोरचं द्रव बाजूला फेकून स्वतःभोवती पोकळी करते आणि त्या पोकळीत सरळ धावते. जखमही रुंद करते. माझ्या मते या धंद्यातली अलीकडची सगळ्यात मोठी सुधारणा हीच.

तुमच्या बंदूक मोठी घेण्याच्या प्रश्नाला उत्तर म्हणून स्कॉटलंडच्या बेल या शिकाऱ्याचं नाव सांगतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यानं आफ्रिकेत हजाराहून जास्त हत्ती मारले आणि त्यातले बरेचसे ७ मिलिमीटरच्या माउझर काडतुसानं, म्हणजे तुमच्या फौजेतल्या ७.६२ मिलिमीटरपेक्षाही बारीक. गोळी मात्र १७३ ग्रेनची, लांब, पूर्ण कवचाची, मेंदूपर्यंत सरळ जाणारी. त्याची नेमबाजी आणि हत्तीच्या डोक्याचा अभ्यास असाधारण होता. त्याची नक्कल करू पाहणारे पुष्कळ मेले. इथे तर हत्ती, रेडा आणि पाणघोड्यासाठी ९.२ मिलिमीटरपेक्षा बारीक नळी कायद्यानंच चालत नाही. पण गोळी बरोबर असेल तर बारीक नळीही काम करते आणि चुकीची असेल तर मोठी नळी वाचवत नाही, एवढं त्यातून दिसतं.

जाडीच्या मानानं गोळी किती जड आहे याचा एक आकडा काढतात. पौंडातलं वजन भागिले इंचातल्या व्यासाचा वर्ग. तुमच्या १४७ ग्रेनच्या ७.६२ चा येतो सुमारे ०.२२१. .३७५ इंच व्यासाच्या ३०० ग्रेनच्या गोळीचा ०.३०५, .४१६ च्या ४०० ग्रेनच्या गोळीचा ०.३३० आणि .४५८ च्या ५०० ग्रेनच्या गोळीचा ०.३४१. जाड कातडीच्या जनावरासाठी ०.३०० च्या खाली जाऊ नये असा इथला दंडक आहे. म्हणून पाहुणा .३७५ साठी हलक्या, वेगवान गोळ्या घेऊन आला की मी त्या बाजूला काढतो. १९१२ साली आलेली हॉलंड अँड हॉलंड या इंग्रजी कंपनीची .३७५ ही ३०० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे २,५०० फूट वेगानं फेकते, .४७० नायट्रो एक्सप्रेस ५०० ग्रेनची २,१५० फुटांनी. वेग वाढवला की सॉफ्ट गोळी लवकर फाटते. फार कमी झाला की सॉलिड आत पोचत नाही. १९५६ च्या .४५८ विंचेस्टरची सुरुवातीची तक्रार हीच होती. आखूड काडतुसात दारू दाबून भरावी लागायची आणि वेग ठरल्यापेक्षा कमी पडायचा.

सिंह आणि बिबट्याचं थोडक्यात. कातडी पातळ, हाडं हलकी, अंगात चपळाई. तिथे लवकर उमलणारी सॉफ्टच हवी, सॉलिड बिबट्यातून काही न करता निघून जाते.

मी प्रत्येक पाहुण्याला काही गोष्टी करायलाच लावतो आणि त्यावरून काही जण रागावतातही. सॉफ्ट आणि सॉलिड दोन्ही एकाच ठिकाणी बसतात का, ते चांदमारीवर माझ्यासमोर बघायचं. प्रत्येक काडतूस आधी चेंबरमधून चालवून बघायचं, कारण चपट्या टोकाची सॉलिड काही रायफलींत अडकते. जुन्या इंग्रजी दुनळीत अखंड पितळेची गोळी घालायची नाही, पातळ नळ्यांच्या आट्यांवर ताण येतो. शिवाय ऑक्टोबरात खोऱ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. थंड देशात काठोकाठ दाबाची भरलेली काडतुसं इथे आणखी दाब धरतात आणि बोल्ट घट्ट बसतो, नेमका दुसऱ्या गोळीची गरज असते तेव्हा. मी दारू थोडी कमीच भरतो.

एक विचारायचं राहिलं. तुमच्याकडे रायफलींच्या दारूगोळ्याची तपासणी होताना उन्हात राहिलेल्या पेट्या वेगळ्या काढत का, आणि त्यातली काडतुसं किती दिवसांनी बाद धरत? इथे ट्रकच्या पेटीत हंगामभर हिंडलेली काडतुसं उरतात. ती पुढच्या वर्षी द्यावीत की मोडून टाकावीत, यावर आमच्यात एकमत नाही. माझा कल मोडण्याकडे आहे. तुमचं मत कळलं तर मुख्य शिकाऱ्यापुढे ठेवीन.

काकूंना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद.

तुमचा पुतण्या