तणनाशकाची मात्रा ठरवताना सेंद्रिय कर्ब पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खरिपाच्या तोंडावर आपल्या कृषी पानावर पेरणीनंतर, पण तण उगवण्यापूर्वी फवारायच्या तणनाशकांचे कोष्टक प्रसिद्ध झाले. कोष्टक उपयुक्त आहे, मात्र त्यात पीक, औषध आणि एकरी मात्रा एवढे तीनच रकाने आहेत. औषध ज्या मातीवर पडणार त्या मातीचा रकाना नाही आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

मी राहतो हडपसरला, शेती शिरूर तालुक्यात. तिथे माझे दोन तुकडे आहेत. एक गोठ्यालगतचा, ज्यात वडिलांच्या काळापासून दरवर्षी शेणखत पडत आले आहे, आणि दुसरा माळावरचा, मुरमाड व चुनखडीचा. माती परीक्षणात पहिल्याचा सेंद्रिय कर्ब (शेणखत-पालापाचोळा कुजून मातीत राहणारा कार्बन) १.१ टक्के आला, तर दुसऱ्याचा ०.३. दोन वर्षांपूर्वी दोन्हीकडे मुरघासासाठी मका केला आणि ॲट्राझीन या तणनाशकाची ५० टक्क्यांची पावडर एकाच दिवशी, एकाच पंपाने, एकरी ८०० ग्रॅम या हिशेबाने फवारली. तीन आठवड्यांत गोठ्यालगत घोळ आणि माठ ही तणे सरींतून डोके वर काढू लागले. माळावर मात्र तणाची काडी नव्हती. दुकानदाराने गोठ्याकडच्या तुकड्यासाठी ‘डोस वाढवा’ असे सांगितले, शेजाऱ्यांनी औषध बनावट असल्याचा निकाल दिला. औषध बनावट असते तर माळावर तरी कसे चालले, हा प्रश्न कोणालाच पडला नाही.

खरा हिशेब मातीत आहे. एका एकरातील वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे वजन ढोबळमानाने ९ लाख किलो धरतात आणि कर्बाच्या आकड्याला १.७२४ ने गुणले की सेंद्रिय पदार्थाचे प्रमाण मिळते. त्या हिशेबाने माझ्या माळावर एकरी जेमतेम साडेचार टन सेंद्रिय पदार्थ आहे, तर गोठ्यालगत सुमारे सतरा टन. ॲट्राझीन, मेट्रिब्युझीन, पेंडीमिथॅलीन यांसारखी जमिनीतून काम करणारी तणनाशके या ह्युमसला, म्हणजे कुजलेल्या सेंद्रिय पदार्थाला, चिकटून बसतात, ज्याला शास्त्रीय भाषेत अधिशोषण म्हणतात. जे चिकटले ते मातीतल्या पाण्यात उतरत नाही, आणि जे पाण्यात उतरत नाही ते उगवत्या तणाच्या मुळापर्यंत किंवा कोंबापर्यंत पोहोचत नाही. चिकण मातीचे कणही औषध धरतात, म्हणून काळ्या भारी जमिनीत मात्रा थोडी जास्त लागते हे शेतकऱ्याला अनुभवाने ठाऊक असते, परंतु कर्बाचा भाग सहसा कोणी सांगत नाही. पानांवर फवारायच्या औषधांना हा नियम तसाच लावता येत नाही. ग्लायफोसेट तर मुख्यतः चिकण मातीला आणि लोह-ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांना चिकटते, त्याचा कर्बाशी फारसा संबंध नाही.

माळावरची गोष्ट तणाशी संपली नाही. मका निघाल्यावर तिथे काकडी टोकली. उगवण छान झाली, दोन्ही दले (बीतून निघणारी पहिली दोन जाड पाने) हिरवीगार होती, पण खरी पाने आल्यावर त्यांच्या कडा पिवळ्या पडल्या, मग करपल्या आणि ओळीच्या ओळी बसल्या. कर्ब कमी असल्याने औषध धरून ठेवायला काही नव्हते आणि ते कुजवणारे जिवाणूही थोडेच. मात्र सगळा दोष कर्बावर टाकणे न्यायाचे होणार नाही. त्या जमिनीचा सामू (पीएच) ८ च्या वर आहे, म्हणजे ती विम्ल (अल्कधर्मी) आहे, आणि विम्ल जमिनीत ॲट्राझीन अधिक काळ टिकते. त्यात पावसानेही त्या वर्षी हात आखडता घेतला होता. पाऊस भरपूर झाला असता तर अशा हलक्या जमिनीतून हेच औषध खाली झिरपून विहिरीकडे गेले असते, आणि तेही काही बरे नव्हे.

उसाच्या खोडव्यात (तोडणीनंतर त्याच बुडख्यांवर घेतलेल्या पिकात) आणखी एक गफलत होते. पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पाने, पसरून त्यावरच उगवणीपूर्वीचे तणनाशक फवारले, तर बरेचसे औषध पाचटावरच अडकते. पाचट जाळले तर उरणारा काळा कोळसेरी थर औषध त्याहूनही घट्ट धरतो. शेवटी तण येते आणि बोल औषधाला लागतो.

म्हणून विनंती अशी की मृदा आरोग्य पत्रिकेत सेंद्रिय कर्बाच्या आकड्यापुढे केवळ खतांची शिफारस न छापता, या जमिनीत उगवणपूर्व तणनाशकाची मात्रा शिफारशीच्या खालच्या टोकाला ठेवावी की वरच्या, एवढी एक ओळ तरी असावी. कृषी आयुक्तालय पुण्यातच आहे आणि माती परीक्षणाचा अहवाल शेतकऱ्याच्या हाती येतोच, तेव्हा त्यासाठी वेगळी योजना काढण्याची गरज दिसत नाही. शिफारशीच्या वर जाऊन मात्रा वाढवण्याचा सल्ला मात्र कोणी देऊ नये. कर्ब चांगला असलेल्या रानात उरलेले तण खुरप्याने किंवा कोळप्याने काढलेले स्वस्त पडते.

आपल्या पानावर आणखी एक साधी गोष्ट छापता आली तर बरे होईल. पुढचे नाजूक पीक घेण्यापूर्वी शेतातील चार-पाच ठिकाणची वरची माती कुंडीत भरावी, तणनाशक कधीच न पडलेल्या बांधावरची माती दुसऱ्या कुंडीत घ्यावी, दोन्हींत काकडीचे दहा-दहा दाणे टोकावेत आणि तीन आठवडे वाट पाहावी. दलांवर विसंबू नये, खऱ्या पानांच्या कडा पाहाव्यात. माझ्या गॅलरीत सध्या अशा चार कुंड्या आहेत आणि माळाच्या मातीतली रोपे अजून पिवळीच आहेत.

आपला,
एक शेतकरी वाचक, हडपसर, पुणे