रंगारी बोलवायचे की आपणच रंगवायचे: आई-बाबांना पत्र

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

घराला आतून रंग द्यायचे तुम्ही ठरवले आहे आणि बाबांच्या मते त्यासाठी रंगारी बोलावण्याची काही आवश्यकता नाही, हे आईकडून कळले. फोनवर या विषयाचा दोन मिनिटांत वाद होतो, म्हणून सविस्तर लिहिते आहे. माझे मत आधीच सांगून टाकते. सगळी छते, जिन्याची उंच भिंत आणि पोपडे सुटलेली प्रत्येक भिंत रंगाऱ्यांकडे द्यावी. मागच्या लहान खोलीच्या भिंती धड आहेत, त्या बाबांनी हव्या तर स्वतः रंगवाव्यात, पण शिडीवर पाय न ठेवता.

बाबा, तुमचा हात चांगला आहे याबद्दल मला शंका नाही. परंतु रंगकामातला बराचसा वेळ रंग लावण्यात जातच नाही. सामान हलवून झाकणे, सुटलेला रंग पत्रीने खरवडणे, भेगा भरणे, लांबीचा (म्हणजे भिंत सपाट करणाऱ्या पुट्टीचा) हात, म्हणजे थर, ओढणे, ती वाळल्यावर पॉलिश पेपरने घासणे, धूळ पुसणे आणि मग प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पायाचा थर, मारणे, एवढे झाल्यावर रंगाचा डबा उघडायचा असतो, आणि या आधीच्या कामात जिथे कसर राहते तिथेच पुढे रंग सोलून निघतो. भारी रंगही सुट्या थरावर लावला, तर तो त्या थरासकट खाली येतो. म्हणून ‘आपण रंगवायचे का’ या प्रश्नाआधी ‘या भिंतीला किती तयारी लागणार आहे’ हा प्रश्न विचारावा, असे मला वाटते. त्याचे उत्तर प्रत्येक खोलीत वेगळे येईल.

ते उत्तर काढण्यासाठी रंगारी येण्यापूर्वी तुम्ही दोघांनी थोडी पाहणी करावी. भिंतीवरून तळहात फिरवावा. हाताला पांढरी भुकटी लागली, तर खाली चुना किंवा भुसभुशीत झालेला जुना डिस्टेंपर आहे, आणि तो धुऊन-खरवडून काढल्याशिवाय त्यावर इमल्शन (भिंतीचा पाण्यात मिसळणारा रंग) धरणार नाही. चिकटपट्टीचा तुकडा भिंतीवर घट्ट दाबून झटक्यात ओढावा. पट्टीबरोबर रंगाचे कपचे आले, तर ती भिंत बाबांच्या यादीतून गेली. दारा-खिडक्यांवर स्पिरिटमध्ये भिजवलेला फडका घासून पाहावा. फडक्याला रंग लागला, तर तो बहुधा पाण्यात मिसळणारा रंग असतो आणि न लागल्यास तैलरंग. तैलरंगाच्या गुळगुळीत पृष्ठभागावर पाण्याचा रंग थेट लावला तर तो नखानेही निघतो, म्हणून आधी घासून योग्य प्रायमर लावणे तिथे टाळता येत नाही.

स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते, कारण तिथे दर वेळी रंग दिल्यावर काही महिन्यांत फुगवटे येतात आणि आपण दर वेळी रंगालाच दोष देतो. माझा संशय ओलीवर आहे. भिंतीत मुरलेले पाणी गिलाव्यातले क्षार विरघळवून पृष्ठभागापर्यंत आणते, तिथे पाण्याची वाफ होते, क्षारांचे स्फटिक मागे राहतात आणि तेच रंगाला आतून ढकलतात. पोपड्याखाली जी पांढरी पूड दिसते ती हीच. पारदर्शक प्लास्टिकचा दीड फूट लांब आणि तेवढाच रुंद तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून त्या भिंतीवर हवाबंद बसवावा आणि एक दिवस तसाच ठेवावा. भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले, तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला दिसले, तर हवेतली वाफ थंड भिंतीवर ठरते आहे, आणि तिथे खिडकी किंवा पंख्याची व्यवस्था सुधारणे हा उपाय आहे. पहिल्या प्रकारात मात्र ना बाबांनी ब्रश हाती घ्यावा ना रंगाऱ्याने, कारण ते काम आधी नळ दुरुस्त करणाऱ्याचे किंवा गवंड्याचे आहे. आतून जलरोधक रंग मारून देतो असे कोणी म्हटले, तर नम्रपणे नकार द्यावा. पाणी येण्याची वाट बंद झाली नाही, तर ते रंग ढकलून किंवा शेजारच्या भागातून बाहेर येतेच. गिलावा नव्याने करावा लागला, तर सर्वसाधारणपणे २८ दिवस तो वाळू द्यावा, आणि एवढ्यासाठी बाकीचे घर अडवून धरू नये.

आता शिडीबद्दल. बाबांना हा परिच्छेद आवडणार नाही, हे गृहीत धरून लिहिते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार अपघाती दुखापतींनी होणाऱ्या मृत्यूंमध्ये पडण्याचा क्रमांक जगात दुसरा आहे, आणि पडून दगावणाऱ्यांत साठीच्या पुढच्या माणसांची संख्या सर्वाधिक आहे. छत रंगवताना मान मागे टाकून, एक हात वर करून, दुसऱ्या हातात डबा घेऊन बराच वेळ उभे राहावे लागते. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या माणसाला त्यात केव्हाही घेरी येऊ शकते, आणि नेमक्या त्याच वेळी धरायला काही नसते. ‘आई खाली शिडी धरेल’ हा उपाय मला अजिबात मान्य नाही, कारण त्यात एकाऐवजी दोघे जखमी होतात. रंगारी घोडे (फळी ठेवायचे उंच स्टँड) लावून त्यावर फळी टाकतात आणि दोन्ही पाय सपाट ठेवून काम करतात. जिन्याच्या भिंतीला तर तीही जुळणी अवघड असते, म्हणून त्या भिंतीवर मी चर्चाच करणार नाही.

दारा-खिडक्यांचा प्रश्न निराळा आहे. घर जुने आहे आणि लाकडावर तैलरंगाचे अनेक थर चढलेले आहेत. पूर्वीच्या तैलरंगांत शिसे सर्रास घालत असत. अमेरिकेत घरगुती रंगांतील शिशावर १९७८ मध्ये बंदी आली आणि अनेक देशांत ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आली. शिशाचे अमुक प्रमाण निर्धोक आहे असे सांगता येत नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे आणि सर्वाधिक अपाय लहान मुलांना होतो. नातवंडे सुट्टीत तिथेच जमिनीवर खेळतात, हे लक्षात घेऊन जुना लाकडी रंग कोरडा घासणे किंवा आच देऊन उतरवणे हे दोन्ही प्रकार घरात होऊ देऊ नयेत, मग काम करणारे बाबा असोत की रंगारी. जिथे जुना थर घट्ट आहे तिथे तो खरवडत बसू नये; ओल्या पॉलिश पेपरने हलकेच घासून, पुसून, त्यावरच प्रायमर आणि रंग द्यावा. जिथे तो सुटतो आहे तिथे पाणी शिंपडून भाग ओला ठेवावा, खाली प्लास्टिक अंथरावे आणि निघालेले कपचे त्यातच गुंडाळून टाकावेत. झाडू मारून धूळ उडवण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे.

आईच्या खोकल्यामुळे दारांनाही पाण्यात मिसळणारा इनॅमल रंग घ्यावा, असे मी सुचवीन. टर्पेंटाइनने पातळ करायच्या रंगाचा वास बरेच दिवस रेंगाळतो. एक गोष्ट येथे सांगावीशी वाटते, जरी तिचा आपल्या निर्णयाशी थेट संबंध नाही: आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८९ मध्येच रंगाऱ्यांचा कामातून रंगांशी येणारा संपर्क कर्करोगकारक ठरलेल्या पहिल्या गटात घातला आहे. एक खोली रंगवणाऱ्याने घाबरून जाण्याचे कारण नाही, पण जी माणसे आयुष्यभर हेच करतात त्यांच्यासाठी आपण खिडक्या सताड उघड्या ठेवाव्यात आणि घासकामाच्या वेळी चांगले मास्क आपल्याकडून द्यावेत.

पैशांबद्दल बाबांचे म्हणणे बरोबर आहे. रंगकामात मजुरीचा वाटा बहुधा मालापेक्षा मोठा असतो, त्यामुळे स्वतः केल्यास खरी बचत होते. परंतु रोलर, ब्रश, झाकायचे प्लास्टिक, मास्किंग टेप, पत्री, शिडी हे सगळे विकत घ्यावे लागले, तर एका वेळच्या कामासाठी त्या बचतीतून बरेच कमी होते, आणि पूर्ण घर एकट्याने करायचे म्हटले तर सामान कित्येक आठवडे अस्ताव्यस्त राहील. आईला तेवढे दिवस एका कोपऱ्यात स्वयंपाक करावा लागेल, याचा हिशेब कोणी मांडलेला दिसत नाही.

रंगारी फसवतात, हा बाबांचा खरा आक्षेप आहे, आणि त्यावर उपाय आहे. निदान तिघांकडून लेखी अंदाज घ्यावा. किती हात लांबी, कोणता प्रायमर, रंगाचे नेमके नाव आणि किती हात, माल कोणाचा, दारे-खिडक्यांची जागा मापातून वजा केली आहे का, सामान कोण हलवणार, शेवटची सफाई कोणाकडे, हे सगळे त्यात असावे. ‘एकरकमी करून देतो’ एवढ्यावर होकार देऊ नये. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत आणि शेवटचा हप्ता दिवसाउजेडी सर्व भिंती पाहिल्यावरच द्यावा. डबे तुमच्यासमोर उघडले जावेत आणि पाणी डब्यावर सांगितलेल्या प्रमाणातच घातले जावे, कारण जास्त पाणी घालून रंग पुरवला की दोन हात मारूनही मागचा रंग डोकावतो. बाबा, हे पाहायला तुमच्याइतका चिकित्सक माणूस दुसरा मिळणार नाही. मात्र एकाच भिंतीचे काम दोघांत वाटून घेऊ नये. तयारी तुम्ही केली आणि रंग त्यांनी लावला, तर पुढे पोपडा आल्यावर जबाबदारी कोणाची, यावर वाद घालत बसावे लागेल.

मागच्या खोलीचा हिशेब मी केला आहे. खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद आणि १० फूट उंच धरली, तर चारही भिंती मिळून ४४० चौरस फूट होतात. दार आणि खिडकी वगळता साधारण ४०० उरतात. एक लिटर इमल्शन एका हाताला सुमारे १०० ते १२० चौरस फूट जाते असे धरले, तर दोन हातांना सात ते आठ लिटर लागतील. डब्यावर लिहिलेले क्षेत्रफळ एका हाताचे आहे की दोन हातांचे, ते मात्र नीट वाचावे. सगळे डबे एका मोठ्या बादलीत एकत्र करून घ्यावेत, म्हणजे दोन डब्यांतल्या छटेचा फरक भिंतीवर दिसणार नाही. रोलरला लांब दांडा जोडला की जमिनीवर उभे राहून जवळजवळ पूर्ण भिंत होते. छतालगतची वीतभर कड ब्रशने करावी लागते; त्या दिवसांत मी येईन आणि ते काम शिडीवरून मी करीन. रंगाची कड वाळण्याआधी पुढचा पट्टा तिला मिळाला पाहिजे, नाहीतर जोड दिसतो. त्यामुळे मी कड करत पुढे जाईन आणि बाबांनी मागोमाग रोलर फिरवावा, सकाळी एकच भिंत पूर्ण घ्यावी आणि मध्येच चहाला थांबू नये. दुसरा हात किमान चार तासांनी, किंवा सरळ दुसऱ्या दिवशी.

प्लास्टिकच्या तुकड्यावर काय दिसले ते कळवावे. ते कळल्याखेरीज कोणालाही होकार देऊ नये आणि डबेही आणू नयेत. रंगाची छटा आईने ठरवावी. लहान नमुना डबी आणून समोरासमोरच्या दोन भिंतींवर दोन-दोन फुटांचे चौकोन रंगवावेत आणि ते सकाळी व दिवे लागल्यावर, दोन्ही वेळा पाहावेत. रंगारी कोणत्या आठवड्यात मोकळे आहेत हे समजले, की मी त्याला जोडून रजा टाकते.

तुमची लेक