रेवा, तो कोर्स सोपा नव्हता

इंदूर, रविवार

चि. रेवा,
अनेक आशीर्वाद.

"कोर्स टेक्निकल नव्हताच बाबा, नुसती पायांची शर्यत होती. माझ्या स्किलचा काही उपयोगच झाला नाही." माउंटन बाइकच्या शर्यतीनंतर आलेला तुझा हा मेसेज आईने मोठ्याने वाचला आणि मी तिच्याकडून फोन घेऊन पुन्हा वाचला. फोनवर बोललो असतो तर तू "हो बाबा, हो बाबा" करत दोन मिनिटांत सटकली असतीस. म्हणून कागद घेतला. कुरिअरने ब्रेक पॅड पाठवायचेच आहेत, त्यात हेही घालतो.

मी नोकरीभर रस्ते केले हे तुला माहीत आहे, त्यामुळे थोडं आमच्या खात्याचं ऐकावं लागेल. एखादं वळण अवघड आहे असं साइटवर कुणी म्हणालं, की आमचा पहिला प्रश्न असायचा, किती वेगाला? आधी डिझाइन स्पीड, म्हणजे रस्ता किती वेगासाठी बांधायचा ते, ठरवायचा, मग त्रिज्या, मग रस्त्याची बाहेरची कड किती उचलायची ते. घाटातल्या हेअरपिनला ताशी २० किमी वेग धरतात आणि आतल्या बाजूची त्रिज्या किमान १४ मीटर ठेवतात. त्या वेगाला ते वळण माझी आई रिक्षात डुलकी घेत पार करते. तेच वळण कुणी ४० ने घ्यायला गेला तर गाडी कुठे जाते, हे सिमरोलच्या घाटातून जाणाऱ्या कुणालाही विचार. डांबर तेच, त्रिज्या तीच.

तुमच्या खेळात मात्र लोक वेगाचं नावही न घेता कोर्स अवघड, म्हणजे टेक्निकल, की सोपा ते ठरवून मोकळे होतात. ड्रॉप, म्हणजे एकदम खाली उतरणारी पायरी, किती फुटांचा, दगड केवढे, मुळं किती. ट्रेलवर अवघडपणाची हिरवी, निळी, काळी पाटी लावतात तीसुद्धा जमिनीची मोजदाद असते. कोण किती वेगाने येणार आहे, हे पाटीला कसं कळावं?

चोरलच्या बाजूला आपण जातो ती मुरमाची वाट घे. सपाट, एकही दगड नाही, आईसुद्धा तिच्यावरून लेडीबर्ड घेऊन गेली असती. सुट्या मुरमावर टायरची पकड ०.४, म्हणजे वजनाच्या चार दशांश, धरू. ताशी १८ किमीने, म्हणजे सेकंदाला ५ मीटरने, तू तिथे साधारण साडेसहा मीटर त्रिज्येचं वळण घेऊ शकतेस. वेग २७ केलास तर किमान १४ मीटर लागतात. ३६ केलास तर २५ च्या वर. आणि ती वाट आहे केवढी? दोन माणसं शेजारी चालली तर एकाचा पाय बाभळीत जातो. म्हणजे जे वळण १८ ला वळणच वाटत नाही, ते ३० ला तुमच्या कुठल्याही रॉक गार्डनपेक्षा, म्हणजे दगडांच्या पट्ट्यापेक्षा, अवघड आहे. त्याचा कुणी फोटो काढत नाही, एवढंच.

तुझ्या मैत्रिणीने काढलेला व्हिडिओ मी बराच वेळ पाहिला. ड्रॉप तू सुरेख घेतलास. मागे सरकणं, हात सैल, उतरल्यावर लगेच पुढे. पण तो ड्रॉप आणि त्याखालचा दगडांचा पट्टा मिळून एका लॅपमध्ये किती वेळ जातो? काही सेकंद. तिथे सगळ्यांनाच वेग कमी करावा लागतो, आणि ज्याला जमतं त्याच्यात आणि ज्याला फार छान जमतं त्याच्यात अर्ध्याएक सेकंदाचा फरक पडतो. ज्याला जमत नाही तो बाजूच्या सोप्या लाइनने जातो आणि थोडा वेळ गमावतो. मोठा अडथळा जमतो की नाही तेवढं चटकन दाखवतो. किती जमतं हे त्यातून फारसं कळत नाही.

त्यानंतरचा मुरमाचा लांब उतार बघ. तुझी दोन बोटं ब्रेकवर सारखी आहेत. दाबलेली नाहीत, नुसती लागलेली, सबंध उतारभर, वळणातसुद्धा. जी मुलगी पहिली आली, ती वळणाच्या आधी एकदाच जोरात ब्रेक लावते आणि सोडून देते, मग वळणात चाक मोकळं. टायरकडे पकड असते ती एकच. त्यातली ब्रेकने घेतली की वळायला तेवढी कमी उरते. म्हणून तुझं पुढचं चाक प्रत्येक वळणाला जरासं बाहेर सरकतं, तुला भीती वाटते, तू पुढच्या वेळी आणखी ब्रेक धरतेस.

आता पायांचा हिशोब. तू आणि सायकल मिळून ६५ किलो धर. २५ च्या वेगाने येऊन वळणात गरज नसताना १५ वर आलीस आणि बाहेर पडून पुन्हा २५ वर गेलीस, तर मधली साधारण १,००० ज्यूल ऊर्जा ब्रेकच्या डिस्कमध्ये गरम होऊन गेली. ती तुला पायांनी परत भरावी लागते. एका लॅपमध्ये २० ठिकाणी असं झालं तर २०,००० ज्यूल. तेवढ्या ऊर्जेत ६५ किलो वजन सुमारे ३१ मीटर वर चढतं. म्हणजे दर लॅपला तू त्या मुलीपेक्षा दहा मजल्यांची इमारत जास्त चढत होतीस! पाच लॅप झाल्यावर तिचे पाय ताजे आणि तुझे संपलेले दिसले, तर त्यात नवल काय? ती पायांनी जिंकली असं तू लिहितेस. मला दिसलं ते असं की तिने पाय वाचवले, आणि ते हातांनी आणि डोळ्यांनी वाचवले.

(हा हिशोब आईला दाखवला. ती म्हणाली, पोरगी हरली आहे आणि तुम्ही तिला ज्यूल मोजून पाठवताय. तिचंही बरोबर आहे.)

वेग कमी असला की सगळं सोपं होतं, असंही समजू नकोस. वेगाला वरची हद्द असते तशी खालचीही असते. मोठ्या दगडांच्या पट्ट्यात फार हळू गेलीस की २९ इंची चाकसुद्धा प्रत्येक खाचेत उतरतं आणि प्रत्येक खाचेतून त्याला उपसून काढावं लागतं. जरा वेग असला तर ते दगडांच्या माथ्यांवरून निघून जातं. टोकियो ऑलिंपिकची इझूची शर्यत आपण एकत्र पाहिली होती. मॅथ्यू व्हॅन डर पूल पहिल्याच लॅपला साकुरा ड्रॉपवरून कसा हँडलवरून उलटून पडला ते आठवतं ना? सरावाच्या वेळी तिथे उतरायला फळी होती, ती शर्यतीत नसेल हे आपल्याला माहीत नव्हतं, असं त्याने नंतर सांगितलं. फळीवरून चाक नुसतं घरंगळत उतरलं असतं. फळी नसताना तोच वेग अपुरा पडला आणि पुढचं चाक खाली गेलं. जगातल्या सर्वांत तरबेज सायकलपटूंपैकी एक, आणि चुकला कुठे, तर वेगाच्या खालच्या हद्दीत.

त्या दिवशी जिंकला टॉम पिडकॉक. आणि २०२४ ला पॅरिसमध्येही तोच जिंकला. इझूचा कोर्स दगडधोंड्यांचा, उभ्या चढांचा. पॅरिसचा, म्हणजे एलांकूरच्या टेकडीवरचा, बराचसा खडी पसरलेला आणि वेगवान. तुझ्या भाषेत, टेक्निकल नसलेला. तिथे त्याचं पुढचं चाक पंक्चर झालं, तो बराच मागे पडला, आणि एकेकाला गाठत पुन्हा पुढे आला. शेवटच्या लॅपमध्ये झाडाच्या एका बाजूने फ्रान्सचा कोरेत्स्की गेला आणि दुसऱ्या बाजूने हा घुसला. खडीच्या त्याच कोर्सवर पोलीन फेराँ-प्रेव्हो बायकांमध्ये जवळजवळ तीन मिनिटांनी जिंकली. दोघांचे पाय दणकट आहेतच, ते मी कुठे नाकारतो? पण सोप्या कोर्सवर स्किल निरुपयोगी असतं तर एकच माणूस दोन्ही तऱ्हेच्या कोर्सवर पहिला आला नसता.

माझ्या मते स्किल म्हणजे या दोन हद्दींमधली जागा. शिकाऊ माणसाला एखाद्या पट्ट्यात १२ ते १५ एवढाच वेग झेपतो. तुला १० ते २० झेपतो. चांगल्या मुलीला ८ ते २८. मग चढावर दम लागून ती सावकाश आली तरी पडत नाही, आणि उतारावर कुणाला गाठायचं असलं तरी पडत नाही. आणि ही जागा थकल्यावर आक्रसते. तुमची शर्यत तासाभराच्या वर चालते, आणि अवघड उतार नेमका चढ संपल्यावर येतो, छाती धपापत असताना. तू ड्रॉपचा सराव ताजी असताना करतेस, मध्ये पाणी पितेस, व्हिडिओ बघतेस. उद्यापासून आधी चढ पूर्ण जोराने मार आणि मग न थांबता त्याच उतारावर ये. ड्रॉप महिनाभर बाजूला ठेवलास तरी चालेल, तो तुला येतो.

वाट मुरमाचीच निवड. मोकळी, पुढचं लांबवर दिसणारी. आधी ब्रेक न लावता जमेल इतक्या हळू जा, मग दर वेळी थोडा वेग वाढव. जिथे बोट आपसूक ब्रेकवर जाईल ती जागा लक्षात ठेव. तिथे दगड नसेल, पण तुझी वरची हद्द तिथेच आहे. बहुतेक वेळा कारण नजर असेल. व्हिडिओत तू पुढच्या चाकाच्या चारपाच मीटर पुढे बघतेस. २७ च्या वेगाला सेकंदाला साडेसात मीटर जातात, म्हणजे तुझ्याकडे अर्ध्या-पाऊण सेकंदाची खबर असते. एवढ्यात माणूस फक्त घाबरू शकतो. आणि टायरमधली हवा कमी कर. २.४ इंची ट्युबलेसला तुझ्या वजनाला २० पीएसआयच्या आसपास पुरे, तू रस्त्यावरच्या सायकलीसारखी ठासून भरतेस.

एक गोष्ट बाप म्हणून. ताशी ३० किमीच्या वेगाला आम्ही रस्त्यावर ३० मीटर पुढचं स्वच्छ दिसेल असं बघतो, कारण माणसाला कळायला वेळ लागतो आणि गाडीला थांबायला. हे डांबरावर. शर्यतीत कोर्स बंद असतो, दोऱ्या बांधलेल्या असतात. सरावाच्या वाटेवर वळणापलीकडून शेरडं घेऊन कुणी पोरगं येत असतं, त्याला तुझ्या लॅपशी काही देणंघेणं नाही. जिथे पुढचं दिसत नाही तिथे वेग वाढवायचा नाही. ही एक हद्द सरावाने वाढवायची नसते.

दिवाळीला येशील तेव्हा जानापावकडे जाऊ. या वर्षी पाऊस लांबला, त्यामुळे काळ्या मातीच्या वाटा अजून नीट वाळल्या नाहीत. मागच्या आठवड्यात तिकडे गेलो तर माती टायर आणि फोर्कच्या, म्हणजे पुढच्या चिमट्याच्या, मध्ये अशी ठासली की सायकल खांद्यावर घेऊन यावं लागलं. दिवाळीपर्यंत वाळतील. मग ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या दगडासारख्या होतात, त्यांच्यातून सायकल बाहेर काढायला शिकायचं असेल तर आपल्या माळव्यासारखी जागा नाही.

आजीला फोन कर, पण तिला नंबर सांगू नकोस. ती शेजारी "आमची पहिली आली" असं सांगून बसली आहे आणि आता तिला खरं सांगायची माझी हिंमत नाही. सोबतचे पॅड रेझिनचे आहेत. दुकानदार म्हणतो सिंटर्ड, म्हणजे धातूचे, जास्त टिकतात, पण आता तू ब्रेक कमी लावणार आहेस, तेव्हा रेझिनचेच घेतो म्हटलं.

तुझा,
बाबा