पोराच्या हातात बटन येण्याआधीचं पण विचारा

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

संभाजीनगरात नशेच्या ‘बटन’ गोळ्या पकडल्या, अमुक पोरांना अटक, अशा बातम्या तुमच्या पेपरात सारख्या येतात. गोळ्या कुठून आल्या, कितीला विकल्या सगळं असतं त्यात, पण तेच पोरगं आठ-नऊ वर्षांचं होतं तेव्हा त्याच्या घरात काय चाललं होतं हे कोणीच विचारत नाही. मी बीड जिल्ह्यात जि.प. शाळेवर शिक्षक आहे, मला तर दिसतंय की बऱ्याच पोरांच्या व्यसनाची सुरुवात पानटपरीवर नाही, त्याच्या कितीतरी आधी घरात झालेली असते.

हे नुसतं माझं मत नाही. अमेरिकेत सॅन दिएगोला डॉ. फेलिटी आणि डॉ. अँडा यांनी मोठ्या माणसांना त्यांच्या लहानपणाबद्दल विचारलं, की मारहाण, अत्याचार झाला का, आईला मार खाताना बघितलं का, घरात कोणी दारुडं होतं का, कोणी जीव द्यायचा प्रयत्न केला का, कोणी जेलात गेलं का. १९९८ ला पहिले निष्कर्ष छापून आले. यातले चार किंवा जास्त प्रकार ज्यांनी भोगले त्यांच्यात दारूचं व्यसन लागायची शक्यता, काहीच न भोगलेल्यांपेक्षा सातपट निघाली आणि सुईने नशा करायची दहापट. आणि ही काही झोपडपट्टीतली माणसं नव्हती हो, आरोग्य विमा असलेली, बरीचशी शिकलेली होती.

आता हे आपल्याकडं लावून बघा. दिवाळी झाली की ऊसतोडीला कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, निघतात, लेकरू एकतर म्हाताऱ्या आजीपाशी राहतं नाहीतर फडावर खोपीत, तिथं मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या उचलीचं टेन्शन, संध्याकाळी बापाची दारू, मायला मार, आणि हे सगळं ते लेकरू दोन हातावरून बघत असतं. कोणाच्या बापाने औषध पिऊन जीव दिलेला असतो, मग प्रकरण सरकारी मदतीला पात्र का अपात्र यावर महिनोन् महिने कागद फिरतात पण त्या लेकराला रात्री झोप लागते का हे विचारायला कोणीच येत नाही. असं लेकरू वर्षानुवर्षे भीतीत राहिलं की अंगातला धोक्याचा इशारा बंदच होत नाही, छाती धडधडते, वर्गात लक्ष लागत नाही, बारीकसारीक गोष्टीवरून मारामारी करतं आणि आपण म्हणतो संस्कार नाहीत!

बाप गेलेला माझा एक विद्यार्थी पुढं गॅरेजवर लागला, आधी गुटखा, मग गोळ्या. मला म्हणला, सर गोळी घेतली की रात्री झोप लागते. बटन म्हणतात त्यातल्या बऱ्याच गोळ्या मुळात झोपेच्याच असतात, त्यामुळं तो खोटं बोलत नव्हता. अशी पोरं मजा म्हणून नाही घेत, दुखणं थांबवायला घेतात, आणि त्यांना फटके देऊन व्यसन सुटेल असं ज्यांना वाटतं त्यांनी एवढं लक्षात घ्यावं की मार तर त्यांनी आधीच पोटभर खाल्लेला असतो.

अशा घरातलं प्रत्येक लेकरू व्यसनी होतं असं अजिबात नाही. एखादी आजी, मावशी, एखादी मॅडम जरी मनापासून जवळ घेणारी मिळाली तरी लेकरू सावरतं, हे मी बघितलंय.

म्हणून शासनाला सांगणं आहे, ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठीच्या हंगामी वसतिगृहात जेवणाची सोय करता तशी लेकरांशी बोलणारा एक समुपदेशक पण द्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी शाळेत येते, दात, डोळे, वजन बघते, तेव्हाच झोप कशी लागते, घरी भीती वाटते का हे एकट्याला बाजूला घेऊन हळूच विचारा. बापाच्या आत्महत्येची चौकशी करायला तलाठी येतो, त्याच आठवड्यात लेकरासाठी पण कोणीतरी यावं.

आणि तुम्हाला एक विनंती, पुढच्या वेळी बटनची बातमी छापाल तेव्हा तिच्याखाली लेकरांच्या मदतीसाठी चाइल्डलाइनचा १०९८ आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हे दोन नंबर ठळक छापा, दोन्ही फुकट आहेत आणि आमच्याकडं बऱ्याच पालकांना माहितच नाहीत.

आपला,
एक जि.प. शिक्षक, जि. बीड