मामाचा ठिपका

नाशिक,
रविवार रात्र

प्रिय बाळ्या,

"आपल्या टॉकिजांचं काय झालं रे?" ही तुझी एक ओळ. तेवढ्यासाठी आज भर उन्हात भद्रकालीपासून अशोकस्तंभापर्यंत पायपीट केली. सर्कल, विकास, मधुकर, हेमलता, दामोदर, चित्रमंदिर, विजयानंद... नावं अजून एका दमात येतात. पिक्चर बघायचं म्हणजे आता बहुधा मॉलच गाठायचा.

विजयानंदचं नाव घेतलं की हल्ली मला ओशाळल्यासारखं होतं. २१ डिसेंबर १९०९. बदली झालेल्या जॅक्सन कलेक्टरच्या निरोपाला तिथे 'शारदा'चा प्रयोग होता. अनंत कान्हेरे जेमतेम अठराचा, त्यानं गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० ला कान्हेरे आणि त्याचे साथीदार कर्वे, देशपांडे तिघेही ठाण्यात फासावर गेले. इतिहासाच्या पेपरात आपण हे लिहिलंय! पण तिथे पिटात बसून शिट्ट्या मारताना कधी आठवलं का? मला तरी नाही.

फाळक्यांचंही आपण तेच केलं. त्र्यंबकचा माणूस, मुंबईत 'राजा हरिश्चंद्र' दाखवला आणि त्याच १९१३ साली बिऱ्हाड नाशकात आणलं. १९१८ ची हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीही इथलीच. 'कालिया मर्दन'मधला कृष्ण म्हणजे त्यांची लेक मंदाकिनी. १९४४ ला गेले तेही नाशकातच. आपल्या लेखी मात्र फाळके म्हणजे पांडवलेण्याच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक, आपली डबा खायची जागा.

संध्याकाळी मामाकडे गेलो. आपल्याला टॉकीजच्या प्रोजेक्टर केबिनमध्ये घेऊन जायचा ते आठवतं? दोन मशिनं, कार्बनच्या कांड्यांचा तो डोळे दिपवणारा जाळ, भट्टीसारखा उकाडा. हजार फुटांची फिल्म अकरा मिनिटांत संपते, हे मला त्यानं शिकवलं. पाढे मात्र शिकवले नाहीत. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर ठिपका चमकायचा. पहिल्या ठिपक्याला दुसरं मशीन चालू, दुसऱ्याला पिक्चर त्याच्यावर. एकदा दोन टॉकिजांत एकच प्रिंट होती, आणि रिळं आणणाऱ्या पोऱ्याची सायकल रविवार कारंजावर पंक्चर झाली. वीस मिनिटं पडदा पांढरा! पब्लिकनं मामाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

टॉकिजं ओस पडल्याचं सगळं खापर टीव्हीवर फोडू नकोस, लेका. व्हिडिओ आला, केबल आली, जागेला सोन्याचा भाव आला, हे खरंच. पण ढेकूण आणि मुतारीचा वास? बायकामाणसांनी यायचं तरी कसं? मालकांनी पंखे दुरुस्त केले असते तर चार वर्षं अजून निघाली असती, असं मामाच म्हणाला.

मागच्या महिन्यात त्याला मल्टिप्लेक्सला नेलं होतं. गार हवा, मऊ खुर्ची. पण मध्यंतरापर्यंत तो उजव्या कोपऱ्याकडेच बघत बसला. मग कंटाळून झोपला. उठवलं तर म्हणतो, "ठिपकाच येत नाही रे, मला वाटलं रीळ अडकलं."

दिवाळीत ये. मामानं कार्बनच्या दोन कांड्या जपून ठेवल्यात. एक तुझी, असं त्यानं सांगितलंय.

तुझा,
पम्या