अर्धं जाळं तुझं आहे

खानापूर (जि. बेळगाव)
5 ऑक्टोबर 2025

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार.

गेल्या बुधवारी खंडेनवमी झाली आणि आज्जाची ट्रंक उघडली. तेव्हापासून तुला लिहायचं म्हणतोय. फोनवर तू गाडी चालवत "हां, हां, सांग" म्हणत असतोस, आणि ही गोष्ट अर्ध्या कानानं ऐकायची नव्हे. तुझाही तिच्यात हिस्सा आहे, म्हणून कागद घेऊन बसलो.

आमच्या सोप्यातली खंडेनवमीची मांडणी तुला आठवत असेलच. नांगराचा फाळ, कुऱ्हाड, कोयता, विळे, आणि रांगेच्या शेवटी आज्जाची गळाची काठी, पितळी चक्री आणि घडी केलेलं जाळं. झेंडूच्या पाकळ्या जाळ्यात अडकायच्या त्या काढायचं काम आपल्या दोघांकडं असायचं. मला इतकी वर्षं वाटत होतं की ती नुसती पूजा. आता कळतंय, खरं काम पूजेच्या आदल्या दिवशी व्हायचं. अष्टमीला सकाळी आज्जा सगळं परड्यात काढायचा, उन्हात नव्हे, फणसाच्या सावलीत. जाळं दोन खुंट्यांना टांगून त्याची आस न् आस, म्हणजे विणीतलं एकेक भोक, बोटांनी चाचपायचा. सगळे गळ कागदातून काढून पुसायचा, तेलाचा हात लावून नव्या कापडात गुंडाळायचा. काठी डोळ्यापुढं आडवी धरून बाक आलाय का बघायचा. मृगापासूनच्या पावसानं घरात जी काही ओल साठलेली असायची, ती त्या एका दिवसात बाहेर पडायची. वर्षातून एकदा, न चुकता.

आणि ते एकदाच चुकलं. आज्जा गेल्या साली माघात गेला. वर्ष पाळायचं म्हणून 2024 च्या दसऱ्याला आम्ही काही मांडलं नाही, ट्रंक कॉटखालून हललीसुद्धा नाही. त्यात मी एक शहाणपणा केलेला. तेराव्यानंतर जाळं काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधलं, उंदरांपासून वाचेल म्हणून. दोन पावसाळे ते तसंच राहिलं. परवा पिशवी सोडली तर आत कोंदट वास, आणि घडीच्या मधोमध पांढरी-काळी बुरशी. ओल बाहेरून आली नव्हती, मीच ती आत कोंडली होती. हात लावला तर ताटाएवढ्या भागातला दोरा पिठासारखा तुटला. मी खाली बसलो रे. दहा मिनिटं काही सुचलं नाही.

ते जाळं तुझ्या आज्जानं विणलंय. तुला हे ऐकून माहीत आहे, खरं परवा मी ते पहिल्यांदा नीट पाहिलं. बाजारातला पांढरा सुती दोरा आमच्या आज्जानं आणून दिलेला आणि विणकाम तुझ्या आज्जाचं. अख्खा उन्हाळा लागला होता म्हणे. मोबदला काय, तर दोन पोती भात आणि हिवाळ्यात निम्मे मासे. फेकायचा पाग, सहा हात घेराचा. काठाला शिसं नाही, मातीच्या गुळ्या आहेत, इथल्याच कुंभाराकडून मधे भोक पाडून भाजून घेतलेल्या. मोजल्या, एकशे अकरा निघाल्या, आणि त्यातल्या फक्त चार फुटल्यात. आपल्या खानापूरची माती कौलांना आणि मडक्यांना चांगली, हे सगळे सांगतात. ती पन्नास वर्षं नदीच्या दगडांवर आपटूनही टिकते, हे मला आता ठाऊक झालं.

आणि एक गोष्ट. तुझा आज्जा डावखुरा होता ना? त्याच्या सगळ्या गाठी आरशात बघितल्यासारख्या आहेत. मी मोबाईलवर व्हिडिओ लावून जुन्या दोऱ्यावर गाठ मारायला शिकलो, बरी जमली. जाळ्याशेजारी धरून बघतो तर माझा पीळ एकीकडं आणि त्याचा दुसरीकडं. जाळ्यात दोन-तीन ठिकाणी सरळ हाताच्या गाठी दिसल्या, त्या आमच्या आज्जानं नंतर केलेल्या दुरुस्त्या. म्हणजे कुठं कुणाचा हात फिरलाय ते जाळंच सांगतंय. तुम्ही पुण्याला गेलात तेव्हा तुमच्या पडवीतली जाळी कुणीतरी कुंपणाला बांधली, ती कुजून गेली. त्याच्या हातचं आता एवढंच उरलंय.

जाळ्याचा तो तांबूस-काळा रंग ऐनाचा. कानडीत मत्ती म्हणतात तेच झाड. आज्जा ऐनाची साल हंड्यात उकळायचा, पाणी काळंभोर झालं की खाली उतरवून त्यात जाळं रात्रभर बुडवून ठेवायचा. सालीतल्या तुरट अर्कानं सुती दोरा लवकर कुजत नाही. चामडं कमावतात त्यातलाच हा प्रकार. दर एक-दोन वर्षांनी हे करावंच लागायचं. नायलॉन आलं आणि ही सगळी यातायात संपली, कारण नायलॉन कुजतच नाही. नदीकाठी झुडपात अडकलेले नायलॉनचे तुकडे बघतो तेव्हा वाटतं, कुजणाऱ्या वस्तूला माणूस लागतं, न कुजणारी वस्तू माणूस सहज टाकून देतो. आणि हल्ली काही जण मच्छरदाणीएवढ्या बारीक जाळ्या लावतात, त्यात बोटभर पिल्लूसुद्धा सुटत नाही. या जाळ्याच्या आसेतून माझी तीन बोटं आरपार जातात. हे माप आज्जानं सांगून घेतलेलं. मृगात चढणीचे मासे पाटापाटानं शेतात यायचे, अख्खं गाव टोपल्या घेऊन धावायचं, तेव्हा आज्जा घरात बसून राहायचा. "पोटात अंडी हाईत त्यांच्या, जाऊ देत वर," एवढंच बोलायचा. लोक त्याला हट्टी म्हणायचे. मला तो तेव्हाही बरोबर वाटायचा.

काठीचं दुखणं वेगळं. ती चिव्याची, भरीव. आज्जानं हिवाळ्यात तोडून महिनाभर वाहत्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवलेली. पाण्यात बांबूतलं सत्त्व धुऊन जातं, मग किडीला खायला कमी उरतं. त्यानंतर ती कायम चुलीवरच्या आढ्याला असायची. आपण हात पुरत नव्हता म्हणून पाटावर चढून काढायचो, हाताला काजळी लागायची, आणि तुझ्या चड्डीवरची काजळी बघून तुझ्या आईला सगळं कळायचं. तो धूर हेच तिचं औषध होतं. आमचं घर पाडून स्लॅबचं झालं, चूल गेली, गॅस आला, आणि काठी सिमेंटच्या भिंतीला टेकून उभी राहिली. कुणी मुद्दाम काही केलं नाही, फक्त धूर गेला. परवा तिच्याखाली पिवळसर पिठाची रांगोळी पडलेली. टाचणीच्या टोकाएवढी एकोणीस भोकं मोजली. प्रत्येक भोकात इंजेक्शनच्या सुईनं कडुलिंबाचं तेल सोडलंय आणि काठी प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ठेवलीय. हो, इथं प्लास्टिकच पाहिजे, जाळ्याला नको. पंधरा दिवसांनी सोडून बघेन. नवं पीठ पडलं नाही तर जवसाच्या तेलाचा पातळ हात देऊन आडवी, तीन ठिकाणी आधार देऊन टांगायची. भिंतीला टेकवून ठेवली की काठीला बाक येतो, तो मग जात नाही.

आता चक्रीचं सांगतो. हे लिहायला हात जड होतोय. आज्जानं ती बेळगावात कॅम्पमधल्या एका जुन्या सामानवाल्याकडून घेतलेली. लष्करातला कुणी गोरा साहेब जाताना सोडून गेला असेल, असं तो म्हणायचा, पुरावा काही नाही. काळपट, तपकिरी, थंड. मला वाटलं पूजेला मांडायची तर चकचकीत असावी. देव्हाऱ्यातली भांडी घासतात तशी चिंच आणि राखेनं घासली. अर्ध्या तासात सोन्यासारखी पिवळी झाली. आज्जीपुढं नेली. तिला आता दिसतं कमी, ती बोटांनी बघते. तिनं चक्रीच्या मागच्या बाजूवर अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला आणि म्हणाली, "रेघा कुठं गेल्या रे?"

तिथं खिळ्यानं ओढलेल्या रेघा होत्या. प्रत्येक मोठ्या खडशीमागं, म्हणजे महसीर माशामागं, एक. मी त्या कधी नीट बघितल्याच नव्हत्या, खरं आज्जीला त्यांची संख्या ठाऊक होती. सात. आता संध्याकाळच्या तिरप्या उजेडात चार दिसतात, पाचवी असल्यासारखी वाटते. पितळेवरचा काळपटपणा म्हणजे मळ नव्हे, तो त्या धातूचाच थर असतो आणि आतलं पितळ सांभाळतो. चिंचेच्या आंबटानं तो थर गेला, शिवाय कडेला गुलाबी झाक आली, म्हणजे पितळेतलं जस्त निघून तांबं उघडं पडलं. आता ती तशीच राहू देणार, हळूहळू आपली आपण काळवंडेल. आतल्या दांड्याला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, बस्स. आज्जा खोबरेल कधीच लावायचा नाही, ते काही दिवसांनी चिकट होतं आणि पितळेवर हिरवं चढतं. हे सगळं त्यानं मला सांगितलेलं होतं. रेघांचं तेवढं सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

म्हणून त्याच रात्री आज्जीजवळ वही घेऊन बसलो. सातातल्या तीन खडशींची आठवण तिला आहे. एक असोग्याच्या रामलिंगापाशी खालच्या डोहात, एक हब्बनहट्टीच्या वरच्या अंगाला, आणि एक घराजवळच, माझ्या मोठ्या आत्याच्या लग्नाआधी चार दिवस. त्या माशाच्या कालवणात किती तिरफळं घातली होती, तेसुद्धा तिनं सांगितलं. जसं बोलली तसंच लिहिलंय, शब्द बदलले नाहीत. उरलेल्या चार रेघांचं कुणाला काही माहीत नाही.

खडशीवरून तुझीच आठवण आली. तू आता राहतोस त्या मुळा-मुठेत ही जात होती. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं 1839 साली पुण्याजवळच्या नदीतल्या माशावरून तिचं शास्त्रीय वर्णन छापलं, आणि नावात 'खुद्री' हा आपल्याकडचाच शब्द ठेवला. लोणावळ्याला टाटांच्या वळवण तलावाजवळ तिची पिल्लं तयार करण्याचं काम कित्येक वर्षं चाललंय. कधी त्या बाजूला गेलास तर बघून ये आणि मला कळव. आपल्या मलप्रभेत मला गेल्या वीस वर्षांत एक मोठी खडशी दिसलेली नाही.

घरात थोडी बोलाचाली झाली, तेही तुला कळावं. गोव्याकडच्या एकानं हॉटेलात भिंतीवर लावायला जाळं आणि चक्री मिळून सहा हजार देऊ केलेत. धाकट्याचं म्हणणं, कुजण्यापेक्षा विकलेलं बरं. त्याचा राग येत नाही, तो आज्जाबरोबर नदीवर कधी गेलाच नाही. मी त्याला 2019 च्या ऑगस्टची आठवण दिली. पुराचं पाणी परड्यापर्यंत आलं होतं, आम्ही तांदळाची पोती माळ्यावर चढवत होतो, आणि ऐंशी ओलांडलेला आज्जा काही न बोलता ही ट्रंक डोक्यावर घेऊन देवळाच्या पायऱ्या चढत होता. धाकटा गप्प झाला. दुसऱ्या दिवशी त्यानंच बेळगावहून ट्रंकसाठी जाळीचं झाकण करून आणलं, आत वारा खेळावा म्हणून.

आता तुझ्याकडं मागणं. बुरशी लागलेला भाग मी कापलेला नाही. जाळं सावलीत पूर्ण वाळवलं, मऊ ब्रशनं झाडलं, आणि जुन्या सुती लुगड्यात सैल गुंडाळून ठेवलंय. भोक भरायला त्याच जाडीचा सुती दोरा मिळवलाय. नायलॉन लावणार नाही, कडक नायलॉन शेजारचा जुना सूत करवतीसारखा कापत जातो. वखारीत पडलेल्या ओंडक्याची ऐनाची साल आणून ठेवलीय, नवा दोरा आधी त्यात रंगवून घेईन. फक्त हात पाहिजे. तुझ्या आईनं सासऱ्याशेजारी बसून विणकाम शिकलेलं, आणि त्याचे हात बघून तसंच करत गेल्यामुळं तिच्याही गाठी डाव्या हातासारख्याच पडतात, असं आज्जी सांगते. खरं आहे का ते विचार. असेल तर दिवाळीला तिला घेऊन ये, पाडव्यानंतर चार दिवस राहा. ती ताटाएवढी जागा तिनंच भरावी, आणि तू आणि मी शेजारी बसून शिकावं. नंतर जाळं कुणाकडं राहायचं ते तू ठरव. एक साल इथं, एक साल पुण्यात, असंही चालेल. मात्र अष्टमीला ते बाहेर निघालं पाहिजे, एवढी माझी अट.

बांबूची विणायची सुई आणि मापाची पट्टी ट्रंकेत सापडली, दोन्ही शाबूत आहेत. पट्टीवर तुझ्या आज्जाच्या दातांचे व्रण आहेत, दोन्ही हात गुंतले की तो ती तोंडात धरायचा म्हणे.

काकूंना नमस्कार सांग. येताना त्यांचा जवळचा चष्मा विसरू नकोस, गाठी फार बारीक आहेत.

तुझाच,
नदीकाठचा सोबती